वायरकाकांनी सरळ केलेला कीबोर्ड

सूत रंगवायच्या कारखान्यात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. कोणत्या हौदात कोणता रंग किती सोडायचा, हे तोच बघायचा. त्याचा मूळचा कीबोर्ड मेला तेव्हा कारखान्यातली वायरिंग बघणाऱ्या वायरकाकांनी बाजारातला साधा कीबोर्ड आणला आणि मध्ये हातानं जोडलेली एक डबी बसवली. डबीमुळे नव्याचं म्हणणं जुन्याला कळू लागलं. पण तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं. काकांनी घाबरून डबीतल्या तारा मुद्दाम उलटसुलट जोडल्या. चारचं बटण दाबलं की सात उमटायचा. बटणांवर बदललेले आकडे लिहिलेले कागदाचे तुकडे चिकटवून काका म्हणाले, "जुन्या मशीनला असंच लागतं." मग डबी बिघडली की काकांवाचून पान हलेना. नोकरी वाचली.

हुशारी अंगाशी आली ती नंतर. निवृत्तीचं वय उलटलं तरी साहेब सोडीनात. काकू लेकीकडे राहायला गेलेल्या. फोनवर विचारायच्या, "कधी येताय?" काका म्हणायचे, "या महिन्यात." पुढे काकूंनी विचारणंच सोडलं, आणि काका हादरले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी डबी उघडली, सगळ्या तारा सरळ केल्या, कागद खरवडले आणि कुठली तार कुठे ते झाकणाच्या आत लिहून ठेवलं. आता कोणीही दुरुस्ती करू शकलं असतं. काकूंना फोन करून म्हणाले, "बॅग भरतोय."

"बघू," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या ताईंनी नेहमीसारखे न बघता आकडे मारले, आणि फिक्या गुलाबी सुताचा हौद जांभळा झाला. दुसऱ्या पाळीचा माणूसही तसाच चुकला.

"काका, पहिल्यासारखा करून द्या," ताई रडवेल्या झाल्या.

"अहो, आता तर नीट झालाय. चार म्हणजे चार."

"आमचं बोट सातला तिकडेच जातं, काका. इतकी वर्षं झाली."

साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणून म्हणतो, तुम्ही इथं हवेतच."

नासलेल्या सुताचा बोल ताईंवर येणार होता. काकांना ते बघवेना. त्यांनी डबी उघडली आणि एकेक तार पुन्हा चुकीच्या जागी जोडली. झाकणावरचं लिहिलेलं मात्र पुसून टाकलं. उलटी जोडणी तिथं लिहिली असती, तर ती मुद्दाम केलेली आहे हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. स्वतःच घातलेल्या गाठी, आता सुटणार कशा?

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. किती दिवसांनी काकू आपणहून विचारत होत्या, "निघालात?"