ही स्प्रिंग कशात बसणार?

माझी आत्या तेहतीस वर्षं स्प्रिंगांच्या कारखान्यात तपासणीला होती. तिच्या टेबलावर उंची मोजायचं गेज, स्प्रिंग दाबून तिचा जोर बघायचं हातयंत्र आणि एक भिंग, एवढाच संसार. कारखान्यात सगळे तिला गेजबाई म्हणत. तिची सही झाल्याशिवाय एकही पेटी फाटकाबाहेर जायची नाही.

नवीन माल आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "ही कशात बसणार?" तिचं म्हणणं सरळ होतं. पेनातली स्प्रिंग कमजोर निघाली तर कुणी फार तर चार शिव्या देईल. बाबागाडीच्या ब्रेकमधली निघाली तर? कशात बसणार ते कळल्याशिवाय किती डोळे ताणायचे ते कसं कळणार?

कॉलेजसाठी मी दोन वर्षं तिच्याकडे राहत होते, म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीसमोर काका, म्हणजे आत्याचे यजमान. बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त झाले होते. प्रवाशांवर ओरडायची सवय सुटली नव्हती, ती आता बातम्यांवर निघायची. त्या वर्षी दूर कुठेतरी लढाई पेटली होती आणि रोज तीच दृश्यं. काका खुर्चीच्या हातावर बुक्की मारत म्हणायचे, "अरे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? पोराबाळांच्या अंगावर बॉम्ब टाकता?"

"त्यांना ऐकू जात नाही तुमचं," आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची.

पण घास अडकायचा तो तिचाच. एकदा पडलेल्या घराच्या विटांवर बसून एक बाई आपल्या मुलीची वेणी घालत होती. मागे भिंत नाही, छप्पर नाही, आणि ही आपली शांतपणे तीन पेड वळतेय. आत्या उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

"अहो, बघतोय ना मी!" काका म्हणाले.

"बघून काय करताय? बघायचं आणि जेवायचं. माणसं आहोत का कोण आहोत आपण?"

मी तेव्हा वीस वर्षांची. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. मी म्हटलं, "आत्या, निदान जाणीव तरी होते."

"जाणिवेचं काय करू? डब्यात भरून नेऊ?" ती माझ्यावरच खेकसली.

त्यानंतर महिन्याभराने कारखान्यात ती ऑर्डर आली. मक्याच्या दाण्याएवढी स्प्रिंग, वर निमुळती. ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा. माप इतकं काटेकोर, की आत्याने दोनदा चष्मा पुसला. पण तिला खटकलं ते वेगळंच. एरवी कुठलीही स्प्रिंग लाख-दोन लाख वेळा दाबून बघावी लागते. ह्या कागदावर लिहिलं होतं की दहा वर्षं पडून राहिली तरी चालली पाहिजे, जोराचा हिसका बसला तरी जागची हलता कामा नये, आणि मग एकदाच दबली पाहिजे. एकदाच.

ती कागद घेऊन धाकट्या मालकांकडे गेली. धाकटे मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. त्याला तिने हाफपँटमध्ये, कारखान्याच्या कोपऱ्यात पाढे म्हणताना पाहिलं होतं. तो तिला मावशी म्हणायचा आणि ती चारचौघांत त्याला अहो-जाहो करायची.

"ही कशात बसणार?"

"मावशी, आग विझवायच्या यंत्रात असेल. नाहीतर गाडीत काहीतरी. गिऱ्हाईक सांगत नाही, आपण विचारत नाही."

"मी एकतीस वर्षं विचारतेय."

"ह्या वेळेस नका विचारू," तो हसून म्हणाला, पण नजर टेबलावरच्या कॅलेंडरवर होती.

मग ती कारखान्यातल्या ड्रॉइंगवाल्या काकांकडे गेली. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आला होता. पेन्सिल कानामागे खोचत ते म्हणाले, "बाई, तोफगोळा असतो ना, त्याच्या टोकात एक टोचणी असते. गोळा आपटेपर्यंत ती टोचणी ह्या स्प्रिंगने मागे धरून ठेवायची. आपटला की स्प्रिंग दबते, टोचणी पुढे जाते. पुढचं तुम्ही टीव्हीवर बघता."

आत्या जागेवर येऊन बसली. समोर पहिल्या पेटीतल्या पाचशे स्प्रिंगा. सवयीने हात चालू झाले. एक उचलली, मोजली, दाबली. माल झकास होता, एकही वाकडी नाही. तपासणीचा कागद भरला आणि सहीच्या रकान्याशी पेन थांबलं ते थांबलंच. ती उठली, कोरा रकाना तसाच ठेवून कागद मालकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्यावर माझी सही होणार नाही."

मालक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, आत्या नंतर म्हणाली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, आपण नाही केली तर दुसरा करेल. लढाई थांबणार आहे का? आणि आपल्या देशाला लागणार नाहीत का कधी? ह्या ऑर्डरवर दुसरी पाळी सुरू केलीय मी. नऊ माणसं घेतलीत."

"मला सगळं कळतं," आत्या म्हणाली. "सही होणार नाही."

ही बातमी दुपारच्या डब्यापर्यंत सगळीकडे झाली. ज्या बायकांबरोबर ती एकवीस वर्षं एका बाकावर जेवली, त्यांतली एक म्हणाली, "गेजबाई, तुम्हाला अडीच वर्षं राहिलीत. आम्हाला अजून पंधरा काढायचीत." दुसरी डब्याला झाकण लावून उठली.

आत्याला वाटलं, घरी तरी कुणी पाठीशी उभं राहील. काका टीव्हीसमोरच होते. तिने सगळं सांगितलं. मला तर तिचा इतका अभिमान वाटला, की मी कुणाकुणाला सांगायचं त्याची यादीच मनात करू लागले. काकांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "सही करून टाक."

"काय?"

"तू काय बॉम्ब टाकतेस का? तू स्प्रिंग मोजतेस. उगाच कशाला मध्ये पडतेस?"

"रोज संध्याकाळी त्या टीव्हीच्या अंगावर धावून जाता, ते काय मग?"

"ते वेगळं!"

"वेगळं कसं? त्यांना ऐकू जात नाही म्हणून?"

काकांचा चेहरा लाल झाला. "मी काय करणार होतो बसून? ओरडणार नाही तर काय! तुझ्या नोकरीवर आपलं घर चालतं. जगाचं ओझं घ्यायला आपण दोघंच उरलोय का?"

मी मध्येच म्हटलं, "आत्या, आपण हे इंटरनेटवर टाकू या. लोक तुझ्या बाजूने उभे राहतील."

ती माझ्याकडे वळली. "आणि त्या नऊ जणांच्या बाजूने कोण उभं राहणार? तुझं आपलं एकच, टाकू या. टाका काय, फेका काय." ती आत गेली आणि तिने भांडी अशी घासली, की कढईची कड वाकली.

दुसऱ्या दिवशी तिला पेनांच्या स्प्रिंगांवर बसवलं आणि तिची जागा लंबूला दिली. लंबू ग्राइंडिंगला होता, स्प्रिंगांची टोकं घासायला. साडेसहा फूट उंच, मनाने गरीब माणूस. त्याला तपासणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो दर पाच मिनिटांनी मान उंचावून तिच्याकडे बघायचा आणि ती मान खाली घालून पेनांच्या स्प्रिंगा मोजायची. त्याच्या सहीने पुढच्या तीन पेट्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही परत आल्या. प्रत्येकीत दहा-बारा नग जास्त कडक निघाले होते.

त्या संध्याकाळी धाकटे मालक स्वतः घरी आले. चपला दाराबाहेर काढून खाली सतरंजीवरच बसले. काकांनी टीव्ही बंद केला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"मावशी, सही नको तुमची. फक्त लंबूला शिकवा. एक गोष्ट सांगतो, रागावू नका. स्प्रिंग जास्त कडक असली तर दबत नाही, गोळा फुटत नाही. शेतात तसाच पडून राहतो. पाच वर्षांनी एखादं पोर तो उचलतं. हे बरं का?"

आत्याने टीव्हीवर अशी शेतं पाहिली होती, आत कुणी पाऊल टाकू नये म्हणून लाल फिती बांधलेली. तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते.

"आणि चांगली निघाली तर?" ती म्हणाली. "कुणाच्या घरावर फुटेल? ते सांग ना. शेतातलं पोर तुला दिसतं, घरातलं का नाही दिसत रे?" चारचौघांतलं अहो-जाहो गळून पडलं होतं.

"मला ते ठरवता येत नाही मावशी."

"मलाही येत नाही. म्हणून हात लावत नाही. पण हे उत्तर नाही, मलाही माहितेय. जा तू आता."

तिने शिकवलं नाही. महिन्याभरात ऑर्डर दुसरीकडे गेली, कुठे ते कुणाला कळलं नाही. दुसरी पाळी बंद झाली, नऊ माणसं गेली. तीन पेट्यांचं खापर लंबूवर फुटलं आणि त्यांच्याबरोबर तोही गेला. आत्याला कुणी काढलं नाही. उरलेली अडीच वर्षं ती पेनांच्या स्प्रिंगा मोजत राहिली आणि बाकावर एका टोकाला बसून एकटी जेवत राहिली. लढाई चालूच होती. मध्ये दोन दिवस थांबली, तेव्हा काकांनी पेढे आणायला निघाल्यासारखी तयारी केली, तेवढ्यात पुन्हा सुरू झाली.

एकदा बाजारात लंबूची बायको भेटली. आत्याने चौकशी केली, तर ती पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "तुमचं बरंय बाई. तुम्हाला 'नाही' म्हणता आलं. आमच्या ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

आत्या घरी आली ती धुमसतच. भाजी ओट्यावर आदळून मला म्हणाली, "ती बरोबर बोलली. आणि मीही चुकले नाही. आता ह्याचं काय करायचं, सांग. तू शिकलेली आहेस ना?"

मी ओट्यावरून घरंगळलेली भाजी गोळा करू लागले.

पुढच्या रविवारी ती दोन बस बदलून लंबूकडे गेली. तो एका गॅरेजमध्ये लागला होता. त्याने हात पुसले, स्टूल दिलं, चहा मागवला. गाड्यांबद्दल बोलला, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलला. स्प्रिंगांचा विषय दोघांनीही काढला नाही. तिने माफी मागायचं ठरवलं होतं, पण नेमकी कशाची मागायची ते तिला तिथे बसूनही ठरवता आलं नाही. चहा संपला, तशी ती उठली.