लेआउटमधला पंख

पहिली पाळी सुटली की लोक घरी जातात. मी हिंगण्याच्या कंपनीतून निघून मोटरसायकल थेट पुढच्या लेआउटमध्ये घालतो. तिथे प्लॉट पाडून झालेत, घर एकही नाही. पाठीवर पॅराग्लायडर, म्हणजे उडायचा कापडी पंख. मागच्या हिवाळ्यात टेकडीवरून उडताना पडलो, घोटा मोडला, आणि जुना जड पंख वाहणं संपलं. म्हणून हा छोटा, हलका घेतला. घडी केली की दप्तराएवढा होतो. वाटलं, सुटलो. कसलं काय! जुना पंख म्हशीसारखा सावकाश उठायचा. हा दोऱ्या जरा ओढल्या की डोक्यावरून पुढे झेपावतो आणि जमिनीवर लोळण घेतो.

बायकोची अट होती. जमिनीवर उभं राहून हा पंख वाऱ्यात डोक्यावर धरून दाखवायचा, ती ‘बस’ म्हणेपर्यंत. मग टेकडीवर जायला मोकळा. नाही जमलं तर विकून टाकायचा. अट रास्त होती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

एका हातात एक ब्रेकची दोरी, दुसऱ्यात दुसरी. पंख डावीकडे कलला की उजवी जरा ओढायची आणि आपण डावीकडे, त्याच्याखाली सरकायचं. ऐकायला सोपं. माझं घोडं इथेच अडायचं. मी कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर काम करतो. आमच्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे बोटं शाबूत राहतात. दिवसभर तेच करून दमलेले हात इथेही एकदमच खाली जायचे. दोन्ही ब्रेक असे ओढले की पंख मागे धप्पकन बसतो. रोज बसायचा. दोऱ्या प्लॉटच्या हद्दीच्या दगडांत अडकायच्या, त्या सोडवण्यातच उजेड संपायचा. एकदा एक गृहस्थ गाडी थांबवून म्हणाले, “प्लॉट पाहून राहिले का गा?” मी हो म्हटलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

परवा बायको बघायला आली आणि मोटरसायकलला टेकून उभी राहिली. वारा एकसारखा होता. पंख उठला, कलला, आणि माझा उजवा हात एकटाच खाली गेला. डावा वरच राहिला. मला खरं वाटेना. पुन्हा कलला, पुन्हा सावरला. मग तो डोक्यावर नुसता उभा राहिला. इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं, पण दम नव्हता.

मी ‘बस’ची वाट पाहत राहिलो. खांदे भरून आले. घोटा ठणकायला लागला.

“म्हण ना वं आता,” मी म्हटलं.

“राहू द्या ना जी अजून थोडं,” ती म्हणाली. “ते वर हाय तोवर तुम्ही खाली तं हाय.”

ती माझ्या घोट्याकडे बघत होती. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. वाईट वाटलं, फार. मी पंख खाली घेतला नाही. हात दुखत होते, तरी तसाच उभा राहिलो.