रत्नप्रभाचा सकाळचा डोस

रत्नप्रभा परब आणि मी अठरा वर्षं समोरासमोरच्या दारांत राहतो. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची सोसायटी. नवरा गेल्यावर तिने पोळीभाजी विकून एकुलत्या एका लेकीला, श्रुतिकाला शिकवलं. बाई काटक, जिभेने तिखट, पण छाती पोखरलेली. फुप्फुसातल्या नळ्या सैल पडल्यात, त्यांत कफ साचून सडतो. मग वर्षातून दोनदा चौदा-चौदा दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं, सकाळ-संध्याकाळ.

हॉस्पिटलात पडून राहायचा तिला तिटकारा, म्हणून ती घरीच स्वतःला इंजेक्शन द्यायला शिकली. डाव्या दंडाच्या शिरेत एक लांब बारीक नळी घातलेली, तिचं टोक बाहेर. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, हवा काढायची आणि नळीतून हळूहळू आत सोडायची. "इरावती, पोळी लाटण्यापेक्षा सोप्पं आहे गं," मला म्हणायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही हातांच्या शिरा संपत आल्यात, ही नळी जिवापाड जपा. आणि नर्सने शिकवलं होतं, हात धुतले की मग कशालाही हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत श्रुतिका माहेरी आली ती एक डोळा काळानिळा करून. जावई मिथुन मुलुंडचा. जिमला जाऊन दंड फुगवलेत, आणि ताकद वापरायला मिळाली बायको. "मी मेले तरी तू त्या घरात परत जायचं नाहीस," रत्नप्रभाने लेकीला सांगून टाकलं.

तेव्हा रत्नप्रभाची इंजेक्शनं चालू होती. त्यांच्या नवव्या दिवशी सकाळी अकराला त्यांची बेल वाजली. त्या वेळी औषधवाला यायचा, थंड पिशवीतून बाटल्या घेऊन. रत्नप्रभाचे हात धुऊन झालेले, सिरिंज नळीला लावलेली. "श्रुती, औषधवाला असेल, बघ गं," ती म्हणाली. श्रुतिकाने दार उघडलं, तर समोर मिथुन, आणि तिने पहिली थप्पड खाल्ली.

मी कुठे होते? माझ्या बंद दारामागे. कुणाचीही बेल वाजली की दाराच्या भिंगाला डोळा लावायची घाणेरडी खोड मला आहे. त्यांचं दार सताड उघडं, आतलं सगळं दिसत होतं.

त्याने तिला केसांना धरून खाली पाडलं. डोकं चपलांच्या कपाटावर आपटलं. "सोड तिका, मेल्या!" ओरडत रत्नप्रभा उठली, अर्धी भरलेली सिरिंज दंडाला लोंबकळत होती. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती खोकत, थुंकत टेबलापाशी कोसळली. श्रुतिकाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तर त्याने तिचं तोंड चौकटीवर आपटलं. मी पाहत होते. माझी कडी मी काढली नाही. आणखी दोन दारं होती मजल्यावर, तीही उघडली नाहीत. पण त्यांचं पाप त्यांच्यापाशी.

मग त्याला ती नळी दिसली. त्याने ती मुठीभोवती गुंडाळली आणि श्रुतिकाला म्हणाला, "चल. नाहीतर तुझ्या आईची ही नळी उपटतो."

श्रुतिका म्हणाली, "तिला सोड. येते मी." आणि खरंच तिने पायात चपला सरकवल्या.

रत्नप्रभाने लेकीच्या त्या पायांकडे पाहिलं. उजव्या हाताने दंडावरची चिकटपट्टी फाडली आणि अख्खी नळी स्वतःच ओढून काढली. रक्त कोपरावरून ओघळलं. मिथुनच्या मुठीत नळी राहिली, पण आता तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. तो बघतोय तोवर तिने टेबलावरचा पोळपाट उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात पडल्याचा आवाज मी दारामागून ऐकला. दुसरा घाव कानावर, तिसरा गुडघ्यावर. तो लंगडत जिन्याने पळाला.

तेव्हा कुठे मी दार उघडलं. दंडावर नॅपकिन दाबून दोघींना रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात नर्स तासभर शीर शोधत होती. दोन्ही हात टोचून झाले, शेवटी गळ्यातून नळी घालायची ठरली. तेवढ्यात पोलीस आले. मिथुनने आधीच तक्रार दिली होती, म्हणे सासूने विनाकारण मारलं. श्रुतिकाचे ओठ फाटलेले, तिला धड बोलता येईना.

"तिसऱ्या कुणी पाहिलं का?" हवालदारांनी विचारलं.

मी घाम पुसला. "मी पाहिलं. बेल वाजली तेव्हापासून."

रत्नप्रभाने उशीवर मान वळवली. "बेल वाजली तेव्हापासून?"

"हो," मी म्हटलं आणि जबाबावर सही केली.

त्या सहीवर मिथुनला अटक झाली. श्रुतिका आईपाशीच आहे, इंजेक्शनं आता तीच भरते. रत्नप्रभा माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.