गोलीभाऊंचं घर

गोलपोस्ट सोडून बाहेर यायचं म्हटलं की गोलीभाऊंच्या जिवावर यायचं. आइस हॉकीत शेवटच्या मिनिटाला संघ एका गोलने मागे असला, की कोच हात वर करतो. मग गोलकीपर बाकावर येतो आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू चढाईला जातो. मागे जाळी उघडी पडते. कोचचा हात वर झाला की गोलीभाऊ आधी नजर चुकवायचे, मग दोन्ही खांबांना स्टिक टेकवून रेंगाळत यायचे. "घर खुला छोड़ के कौन जाता है, भैया?" हे बाकावर बसता बसता मला ऐकवायचे.

मी दिवसा बहरीनमधल्या सित्र्यात कारखान्यांची मशीन दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी संघाच्या स्केट्सना धार लावायचो. माणूस विदर्भातला, बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. गोलीभाऊ लडाखचे, क्लबने पगार देऊन आणलेले. बाकीचे हौशी, हे एकटेच पोटासाठी खेळणारे. पहिल्या भेटीत ते 'जुले' म्हणाले, मी 'जय भीम' म्हणालो, आणि बुद्धपौर्णिमेला हे पांढरा शर्ट घालून बुसैतीनला आमच्या घरी वंदनेला हजर. बायकोने भाकरीबरोबर ठेचा वाढला. "भावजी, जपून," म्हणेपर्यंत घास तोंडात गेला होता. वेगाने येणारी रबरी चकती छातीवर घेणारा माणूस, पण डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तरी दुसऱ्यांदा मागून घेतला.

गोल बसला तर बचावपटूंवर कधी खापर फोडलं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच, "खाया ना? अब हजम करो।" आणि आम्ही खायचोही भरपूर. फायनलला दोनदा पोचलो, दोन्ही वेळा हात हलवत परत. समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत क्लबने त्यांना दुप्पट पगारावर बोलावलं, तेव्हा मीच जा म्हणालो. तिथे कप दरवर्षी घरचाच असायचा. ते म्हणाले, "कप उठाना है तो यहीं से।" मग कप आमचा राहिला नाही, त्यांच्यासाठी जिंकायचा झाला.

शेवटी गुडघ्याने दगा दिला. शेवटचा हंगाम, शेवटची फायनल, एका गोलने मागे आणि एकच मिनिट उरलेलं. कोचने गोलीभाऊंकडे पाहिलं, पण त्याचा हात काही वर होईना. या माणसाला त्याच्या शेवटच्या मिनिटाला बाहेर कसं बोलवायचं? आणि बघतो तर गोलीभाऊच सुसाट येताहेत. खांबांना स्टिक टेकवायलाही थांबले नाहीत. जादा खेळाडू आत गेला आणि हे माझ्या शेजारी बसून 'यल्ला, यल्ला', चला चला, असं इथल्या अरबीत ओरडू लागले.

चकती आमच्याकडून सुटली. सगळा बर्फ ओलांडून, कुठलीही घाई नसल्यासारखी उघड्या जाळीत गेली. कप गेला.

हस्तांदोलनं झाल्यावर गोलीभाऊ एकटे परत गेले आणि दोन्ही खांबांना स्टिक टेकवली. त्यांच्यामागे आमचा बहरीनी कॅप्टन गेला, मग एकेक करत सगळा संघ. शेवटी त्यांनी मला खुणावलं. इतक्या वर्षांत मी बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं. पायात चपला, त्यांच्या दंडाला घट्ट धरून कसाबसा पोचलो आणि खांबाला हात लावला. ते एवढंच म्हणाले, "अब हजम करो।"

मला तो गोल अजून पचलेला नाही. पण संघात कोणी नवीन आला, की त्याच्या स्केट्सना धार लावता लावता मी छाती पुढे काढून सांगतो, त्या दिवशी कोचने हात वर केलाच नव्हता. आमचे गोलीभाऊ आपणहून बाहेर आले होते.