मुरबाडचे अक्रोड आणि मीनलची बैठक

व्हीआरएसचे पैसे हातात पडले तेव्हा डोंबिवलीतल्या बहुतेकांनी मोठा फ्लॅट पाहिला. आमच्या भावोजींनी मुरबाड तालुक्यात माळ घेतला आणि त्यावर अक्रोड लावले. थंड मुलखातलं झाड इथल्या उन्हात येईल का, असं विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत, "अभ्यास आहे माझा."

यंदा झाडं लगडली. त्यांच्या मुलीला, मीनलला, पाहून गेलेल्या ठाण्याच्या मंडळींचा होकार अजून आला नव्हता. भावोजींनी मुलाच्या वडिलांना, अप्पांना, अक्रोड सोलायलाच बोलावलं. बागायतदार व्याही कुणाला नको असतो? ताई म्हणाली, तूही चल.

रविवारी ताई, भावोजी, मीनल, अप्पा आणि मी आसनगावला उतरलो. जाणाऱ्यांनी स्टेशनबाहेर वडापाव खाऊन घ्यावा, पुढे चहाशिवाय काही मिळत नाही. शहापूरहून किन्हवलीमार्गे जाणाऱ्या जीपला माणशी वीस रुपये पडतात. मांडीवर शेजारणीची कोंबडी येते, तिचं भाडं नाही. दोन्ही बाजूंना खळ्यांवर भातझोडणी चालली होती. अप्पा इस्त्रीचा सदरा सांभाळत ताठ बसले होते.

बागेत पोचताच भावोजींनी रबरी हातमोजे वाटले. "हिरव्या सालीचा काळा डाग महिनाभर जात नाही!" बाग राखणारी जनाबाई मात्र उघड्या हातांनी साली काढत होती, आणि तिचे हात स्वच्छ.

"डाग कसा पडत नाही हो?" अप्पांनी विचारलं.

"वाण उंची आहे आपला," भावोजी म्हणाले.

मी जनाबाईला हळूच विचारलं, "हे अक्रोडच ना?"

"शेठ बोलतो अक्रोड, मंग अक्रोडच. आमी कदी बघितलाय?"

साल सुटली, पण आतली कवची दगडाशिवाय फुटेना. गर पांढराफटक, एक सुरकुती नाही. भावोजींनी ओंजळभर अप्पांपुढे धरला. अप्पांना नाही म्हणवेना, आणि अप्पांनी खाल्ल्यावर भावोजींना मागे राहवेना.

"ताजा आहे ना, म्हणून चव वेगळी."

पानं मांडेपर्यंत दोघांचे चेहरे कसनुसे झाले. माळावर आडोसा म्हणजे एकच करवंदीची जाळी. दोघेही डबडी घेऊन तिच्याकडे धावले. ताईला रडू फुटलं, "जमत आलेलं मोडलं गं!" मीनल मुकाट्याने साखर-मिठाचं पाणी नेऊन देत राहिली.

उन्हं कलल्यावर दोघे बांधावर टेकले. भावोजी पुटपुटले, "माझी बाग..."

"बाग राहू द्या. तुमची मुलगी इतक्या वेळा पाणी देऊन गेली, एकदाही हसली नाही. तारीख काढा."

येताना शहापूरच्या रोपवाटिकेत भावोजी भांडायला गेले. मालक शांत. "जंगली अक्रोड आहे तो, सावलीला लावतात. तुमी अक्रोड मागितला, आमी दिला. खायचा पायजे असं कुठं बोललात?"

घरी येऊन मी विचार करत बसले. आजवर पुष्कळ बैठका पाहिल्या. पगार, फ्लॅट, गावची जमीन, सगळं आधी पानात वाढतात. इथे मात्र दोन कर्ते पुरुष एकाच जाळीमागून एकमेकांना विचारत होते, "पाणी उरलंय का हो?" लग्न वैशाखात आहे. देण्याघेण्याचा विषय कुणी काढलेला नाही. त्या दुपारनंतर कुठल्या तोंडाने काढणार?