साक्षीच्या निबंधाचे पहिले वाक्य

भोकरदनच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राजानंद सरांनी एकवीस वर्षे इंग्रजी लेखन शिकवले. म्हणजे एकवीस वर्षे घसा कोरडा पडेपर्यंत एकच गोष्ट सांगितली, की जे सांगायचे ते आधी सांगा. मुले माना डोलावत आणि परीक्षेत गाईडमधले पाठ केलेले पान उतरवून येत. त्या पानाला गुण देणेही सरांच्याच नशिबी असे.

अपवाद एकच, त्यांची जुनी विद्यार्थिनी साक्षी. बियाणेशास्त्र शिकण्यासाठी परदेशी शिष्यवृत्ती मिळावी म्हणून तिने दीडशे शब्दांचा इंग्रजी निबंध लिहिला होता. पहिलेच वाक्य होते, ‘सोयाबीनचे शंभर दाणे मी ओल्या गोणपाटात गुंडाळले, पाचव्या दिवशी एकेचाळीस उगवले.’ ते वाचून सरांनी चष्मा काढून पुसला होता.

आज शेवटची मुदत, संध्याकाळी पाचपर्यंत. साडेचारला ती वडील अण्णासाहेबांसह पिंपळगाव रेणुकाईहून जीपने महाविद्यालयात आली. संगणकावर निबंध उघडताच सरांचे डोके भणाणले. आरंभी महोदयांस सविनय वंदन, मग घरची गरिबी, मग पुन्हा वंदन. गोणपाट तळाशी ढकललेले. आणि तिथवर दीडशे शब्द भरल्यामुळे ऑनलाइन अर्जाच्या रकान्याने ते कापून टाकलेले.

“हे कोणी केलं?”

“कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं,” अण्णासाहेब अभिमानाने म्हणाले. “तीस वर्षांपासून अर्ज लिहून राह्यला तो. नमस्कार न्हाई, काही न्हाई, अन् एकदम गोणपाट? मंग साहेब म्हणंल, पोरीला वळण न्हाई.”

“तिथला साहेब नमस्कार मोजत नसतो, अण्णासाहेब.”

“मोजत नसंल. पर नसला की बराबर दिसतो त्याला.”

 सरांचे स्वतःचे तीन अर्ज एका कचेरीत पडून होते, तिन्ही सविनय वंदनाने सुरू होणारे.

साक्षीने खुर्ची ओढली. सगळे पुसले आणि मोबाइलमधला आपला जुना मसुदा चिकटवला. शेवटच्या ओळीवर मात्र तिचा हात थांबला. तिथे ज्ञानाची ज्योत होती, ग्रामीण भारताची पहाटही होती.

“हे पण टायपिस्टनंच घातलं का?” अण्णासाहेबांनी विचारले.

“न्हाई पप्पा. हे सरांचं आहे.”

सर खिडकीबाहेर पाहू लागले. ती ओळ रचायला त्यांना अख्खा रविवार लागला होता.

“काढू का, सर?”

“विचारतेस काय,” ते चिडून म्हणाले. “जल्दी काढ.”

पाचला दोन मिनिटे असताना निबंध गेला.

“गेला?” अण्णासाहेबांनी विचारले. “बिननमस्काराचाच?”