आतोबांनी इंजिन बदललं

बडोद्यात असा एकही माणूस सापडायचा नाही ज्याचा सल्ला आमच्या आतोबांनी घेतलेला नाही, आणि असाही एक सापडायचा नाही ज्याचा सल्ला त्यांनी मानला आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घराणं दांडिया बाजारातलं. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील कचेरीत, आणि आतोबा स्वतः शाळेत भूगोलाचे शिक्षक. ज्या माणसाने उभी हयात मुलांकडून नद्यांचे उगम घोकून घेतले, तोच माणूस दांडिया बाजारातून मांजलपूरला माझ्याकडे यायला निघाला की वाटेत दहा ठिकाणी रस्ता विचारतो. एकदा न राहवून मी म्हटलं, "आतोबा, जन्म गेला तुमचा या गावात!" तर शांतपणे म्हणाले, "अरे, रस्ता कुठे आहे ते नकाशा सांगतो. तो आज खोदून ठेवलाय का, ते माणूसच सांगतो."

सल्ला कोणाला कशाबद्दल विचारावा याचा त्यांच्याकडे काही धरबंध नाही. न्हाव्याला ते मोतीबिंदूबद्दल विचारतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना आंब्यांबद्दल, आणि आंबेवाल्याला आपल्या मुलाने पुण्यातली नोकरी सोडावी का याबद्दल. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात नळी असताना, कुंडीतलं लिंबाचं झाड काढावं का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांना ते दाढेबद्दल वाटलं. "काढूनच टाकू," ते म्हणाले आणि चिमटा उचलला. आतोबांनी त्या दिवशी दाढ वाचवली, लिंबू वाचवलं आणि डॉक्टर बदलले. आत्या सांगते, "मला बघायला आले तेव्हा सगळे यांच्या होकाराची वाट बघत बसलेले. आणि यांनी मलाच विचारलं, 'तुमचं काय मत आहे?' मी म्हटलं, बरे दिसताहेत, हो म्हणून टाकावं."

निवृत्तीनंतर आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. 'ठरवलं' म्हणजे विचारायला सुरुवात केली. अख्खं वर्ष दांडिया बाजारात दुसरा विषय नव्हता. शेवटी सगळ्यांनी मिळून जी नको म्हणून सांगितलं होतं तीच, आमरसाच्या रंगाची, दोन मालक झालेली, एक दार जोराने ओढावं लागणारी छोटी गाडी त्यांनी आणली. का? तर किल्ली देताना आधीच्या मालकाने बॉनेटवरून हळूच हात फिरवला होता. "ज्याला विकताना वाईट वाटतं, त्याच्याकडूनच घ्यावं," आतोबा म्हणाले.

त्यांचं गाडी चालवणं हा प्रवास नसे, मुक्काम असे. गाईला रस्ता, कुत्र्याला रस्ता, लग्नाच्या वरातीला तर रस्ता आणि वर काच खाली करून शुभेच्छा. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात आणि जाताना "केम छो साहेब?" म्हणून चौकशी करत. पण त्यांचा खरा जीव अडकलेला असे तो इंजिनाच्या तापमानाच्या काट्यात. तो काटा मध्याच्या जरा वर सरकला की आतोबा गाडी कडुनिंबाखाली घेत, बॉनेट उघडत, आणि "तिला जरा श्वास घेऊ दे" म्हणून शेजारी उभे राहत. उघड्या बॉनेटभोवती चार माणसं जमायला आपल्याकडे वेळ लागत नाही. मग प्रत्येकाचं मत, मग चहा. एकदा मला स्टेशनवर सोडायला निघाले आणि वाटेत तिला इतका श्वास घेऊ दिला की मी पुढच्या ट्रेनने गेलो.

अशा माणसाच्या हातून इंजिन जळावं, हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण ते जळलं, आणि कसं ते आत्याने मला सांगितलं.

त्यांच्या खालच्या मजल्यावर रमीलाबेन राहतात. त्यांची मुलगी हेतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वडील नोकरीसाठी सुरतेला. मे महिन्याची दुपार, आणि दिवस पूर्ण भरायच्या आधीच पोरीला कळा सुरू झाल्या. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला होता, पण थांबायला वेळ नव्हता. रमीलाबेन जिन्यातूनच "काका! काका!" करत वर आल्या. आतोबांच्या गाडीतून दोन दिवस पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला जायची होती. आतोबांनी किल्ली घेतली, आणि आत्या सांगते की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

हेतल आणि रमीलाबेन मागे, आत्या पुढे. दवाखाना स्टेशनाच्या पलीकडे. रेल्वेखालच्या गरनाळ्यात, म्हणजे भुयारी रस्त्यात, गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. तिथेच काटा चढायला लागला. "मी म्हटलं, अहो, काटा!" आत्या सांगत होती. "तर यांनी खिशातून रुमाल काढला आणि काट्यावर टाकला. म्हणाले, तिकडे बघू नकोस, मागे पोरीकडे बघ." बॉनेटमधून वाफ निघू लागली, काहीतरी करपल्याचा वास आला, रस्त्यावरचे लोक हात करून थांबायला सांगू लागले. ज्या माणसाला आजवर कोणीही थांबवून सल्ला द्यावा, तो माणूस भोंग्यावर हात दाबून धरून सुटला होता. दवाखान्याच्या फाटकात गाडीने भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज केला आणि ती जागच्या जागी थांबली. ती पुन्हा हलली नाही. हेतलला आत नेलं आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. लहानखुरी, पण खणखणीत रडणारी.

दुसऱ्या दिवशी आतोबांना स्कूटरवर मागे बसवून मी गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने इंजिन उघडून ठेवलं होतं. पाण्यावाचून तापून आतले भाग एकमेकांना धरून बसले होते. तो म्हणाला, "साहेब, खोलून सगळं करता येईल, पण फार दिवस जातील आणि टिकेल याची खात्री मी देणार नाही. त्यापेक्षा अपघातातल्या गाडीचं चांगलं इंजिन मिळतंय, ते बसवू. नाहीतर गाडी भंगारात द्या."

मला वाटलं, झालं, आता वर्षभराची सोय झाली. दुरुस्त करावं की बदलावं, यावर आता बडोद्यातला प्रत्येक माणूस बोलणार. तसे लोक बोललेही. रावपुऱ्यातला वह्यापुस्तकांचा दुकानदार म्हणाला, बदला. देवळातले गुरुजी म्हणाले, मूळचं ते मूळचं, दुरुस्त करा. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, विकून टाका, टॅक्सीने फिरा." मात्र या सगळ्यांना आतोबांनी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे गॅरेजवाल्याला सांगून टाकलं होतं, "हेच दुरुस्त करायचं. आणि लवकर."

"अहो आतोबा, तो स्वतः सांगतोय टिकणार नाही म्हणून!" मी म्हटलं.

"टिकायला नकोच आहे. एकदा सुरू झालं की पुरे."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण घरी आल्यावर ते गॅलरीत बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. हेतलच्या सासूबाई आदल्या संध्याकाळीच आणंदहून नात बघायला आल्या होत्या. दवाखान्याच्या फाटकात उभी असलेली गाडी त्यांनी पाहिली, काय झालं ते विचारलं, आणि मग बाळाच्या खाटेपाशी उभं राहून म्हणाल्या, "छोकरीनां पगलां तो जुओ! आवतांवेंत काकानी गाडी बंध करी नाखी." म्हणजे पोरीचा पायगुण बघा, येता येताच काकांची गाडी बंद पाडली. दारात उभ्या असलेल्या आतोबांनी ते ऐकलं, आणि हेतलनेही ऐकलं. आतोबा म्हणाले, "तिने बाळाच्या कानावरून नुसता पदर ओढून घेतला रे. एका दिवसाची पोर. तिला काय कळणार? पण आईने पदर ओढला." मग म्हणाले, "इंजिन बदललं तर ती बाई जन्मभर सांगेल, आमची नात आली आणि काकांचं इंजिन गेलं. म्हणून हेच चालू करायचं. मी गाडी त्यांच्यासमोर उभी करतो आणि म्हणतो, काही झालं नव्हतं, पाणी संपलं होतं."

पण गॅरेजवाल्याचा फोन आला. इंजिनाच्या मुख्य धडालाच तडा गेला होता, दुरुस्ती शक्य नव्हती. आतोबांनी फोन ठेवला आणि ते तसेच जेवायला बसले. आत्याने कढी केली होती, ती ते नुसती ढवळत बसले. रोजच्यासारख्या रमीलाबेन वर आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या, "काका, गाडी चालू थई?" हा प्रश्न त्या आधी काळजीने विचारत, पण आता त्यांच्या आवाजात भीती होती. व्याह्यांकडून विषय पुन्हा निघाला होता म्हणे. आतोबा ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "बेन, उद्या तुमच्या विहीणबाईंना वर चहाला घेऊन या."

त्या संध्याकाळी ते घराबाहेर पडले ते सगळा दांडिया बाजार, सगळा रावपुरा पायी फिरून आले. नेहमीसारखे प्रत्येक दुकानाशी थांबले, नेहमीसारखा प्रत्येकाला प्रश्न विचारला. फक्त प्रश्न नवा होता. "काय हो, इंजिनाला तडा होता. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं हायवेने अंबाजीला निघणार होतो. तिथे भर वेगात ते फुटलं असतं तर? या पोरीमुळे दवाखान्याच्या दारात बंद पडलं. मला तर तिचा पायगुण वाटतो. तुम्हाला काय वाटतं?" आतोबा आणि भर वेग या दोन गोष्टी एकत्र कशा येणार, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. सगळ्या बाजाराचं मत एकमुखी पडलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चहाला येण्याआधीच वाटेत त्यांचं अभिनंदन झालं होतं. फुलवाली म्हणाली, नातीने दोन जीव वाचवले. गुरुजींनी बाळासाठी प्रसाद पाठवला. बाई वर आल्या त्या गोंधळूनच. मी तिथे होतो. आतोबांनी त्यांना खुर्ची दिली आणि आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत त्यांना काट्यापासून तड्यापर्यंत सगळी हकीकत ऐकवली. शेवटी म्हणाले, "बेन, मी भूगोल शिकवला, ज्योतिष मला येत नाही. पण तुमच्या नातीने आम्हाला नवं इंजिन घ्यायची बुद्धी दिली. ते बसलं की पहिली तीच बसणार. तिला आणि तिच्या आईला आणंदला मी सोडणार."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या, जिभेला लगाम नव्हता इतकंच. "लक्ष्मी छे," त्या पुटपुटल्या. मग जरा मोठ्याने, खाली हेतलला ऐकू जाईल इतक्या आवाजात पुन्हा म्हणाल्या, "मारी लक्ष्मी छे."

अपघातातल्या गाडीचं इंजिन आलं, बसलं, कागदपत्रं झाली. तोवर पोर रोज खालून वर येऊन आत्याच्या मांडीवर झोपू लागली होती. हेतल सासरी निघाली त्या दिवशी आत्याला नव्या इंजिनाचा भरवसा वाटेना, म्हणून मलाही बरोबर घेतलं. मागे हेतल, मी आणि सामान, पुढे आत्याच्या मांडीवर बाळ. गाडी अशी गुपचूप चालली की बाळ आणंद येईपर्यंत जागं झालं नाही. दारात सासूबाई ओवाळायला उभ्याच होत्या. त्यांनी आत्याच्या हातातून नात घेतली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आम्हाला पोटभर जेवू घातलं, आणि मग घर आपल्या कामाला लागलं. कोणी पाळणा टांगत होतं, कोणी फोनवर बोलत होतं. आम्ही चपला घातल्या ते फक्त हेतलने पाहिलं. ती वाकून आतोबांच्या पाया पडली. आतोबांनी तिला फिरणाऱ्या पंख्याखाली बाळाला निजवू नकोस असं सांगितलं.

परतीच्या वाटेवर वासदजवळ, महीच्या पुलाच्या अलीकडे, आतोबांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं काही बिघडलं, पण बॉनेट उघडायला ते उतरलेच नाहीत. तसेच स्टीअरिंगवर हात ठेवून नदीकडे बघत राहिले. पाऊस लांबल्याने आटलेली मही, मधे वाळूचे मोठाले पट्टे आणि कडेने बारीकसं पाणी. आत्या पदराची घडी घालत होती. ज्या भागावर बाळ झोपलं होतं तिथे दुधाचा ओलसर डाग होता, तो तिने आत घेतला.

"घर रिकामं वाटेल आता," आतोबा म्हणाले.

"आपली कुठे होती ती?" आत्या म्हणाली.

"नव्हती खरी," आतोबा म्हणाले. आणि त्यांनी किल्ली फिरवली.